गिरणीला लावलेली गिटार

दत्ता भावोजींची गिटार आमच्या पिठाच्या गिरणीला लावलेली असायची. लावलेली म्हणजे टेकवलेली नव्हे. सुरात लावलेली. लोक तंबोऱ्याला लावतात, पेटीला लावतात. ह्यांनी साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटारीला लावली.

शहापूरच्या बाजाराच्या मागे आमची गिरणी आहे. आमचे हे नोकरीला जातात, गिरणी मी चालवते. समोर दत्ता भावोजींचं दुकान. शेतावरच्या पंपाची मोटार जळली की लोक ती त्यांच्याकडे आणतात, ते जुनी तार काढून नवी भरतात. आमच्या ह्यांचे ते बालमित्र, म्हणून मला भावोजी. पन्नाशी केव्हाच ओलांडली, लग्न नाही. एकदा मुलगी बघायला गेले होते. पोहे आले, मुलगी आली, आणि भावोजींनी तिला विचारलं, "तुमच्या पंख्याचं बेअरिंग वाजतंय. ऐकू येतं ना?" मुलीला येत नव्हतं. मुलीच्या बापालाही येत नव्हतं. भावोजी पोहे संपवून उठले. त्यानंतर त्यांना कोणी फारसं विचारलं नाही, आणि त्यांनीही विषय काढला नाही.

दिवसा मोटारी आणि लग्नसराईत गिटार. आमच्याकडे हळदीला वाजवणाऱ्यांची पार्टी लागते. कीबोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड, आणि ज्या पार्टीला परवडते तिच्याकडे गिटार. सरळगावच्या पंढरीच्या पार्टीत दत्ता भावोजी लीड वाजवतात, पंढरीला मिसरूड फुटायच्या आधी, पार्टी त्याच्या बापाची होती तेव्हापासून. लीड म्हणजे गाण्याच्या मधल्या जागेत गिटारवाल्याने एकट्याने मनाने वाजवायचं. भावोजी मनाने वाजवायचे, पण मन एकच होतं. मुरबाडला वाजवा की डोळखांबला, लीड तोच. कुठे बोटं सरसर वर जाणार, कुठे डोळे मिटणार, कुठे मान झटकणार, सगळं आम्हाला पाठ. माझी मुलगी लहानपणी लाटणं घेऊन त्यांची हुबेहूब नक्कल करायची.

गेल्या वर्षी पंढरीने ते तोंडावर सांगितलं.

"दत्ताभाऊ, राग मानू नका. तुमचा लीड सुरू झाला का लोकं जेवायला उठतात. आता तर कॅटररच येऊन इचारतो, लीड कदी घेताव, म्हंजे भात उतरवायला बरा."

बाकीचे हसले. पंढरी हसला नाही. "या सीझनला काय नवीन निघालं तर ठीक. नायतर पुढच्या सालपासून लीड नीलेश काढंल कीबोर्डवर. तुमी वायरी बघा."

नीलेश हा कीबोर्डवाला. मोबाइलच्या दुकानात कामाला, हाताने चपळ, तोंडाने त्याहून चपळ.

भावोजींनी हे मला गिरणीच्या पायरीवर बसून सांगितलं. हातात जळक्या तांब्याच्या तारेचं भेंडोळं होतं. "वैनी, मला वायरी बघा म्हणाला," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. दिवसभर वायरीच बघणारा माणूस तो, पण संध्याकाळी गळ्यात गिटार अडकवली की कोणी त्यांना मोटारवाला म्हणत नसे. लग्नाच्या मांडवात त्यांना जागा होती ती तेवढीच. ती गेली की उरलं दुकान आणि मागची खोली.

मी म्हटलं, "मग नवीन काढा. रडताय कशाला?"

काढलं त्यांनी. मोबाइलवर. कुठल्याशा परदेशी मास्तरचे व्हिडिओ होते. भाषा कळत नव्हती, बोटं कळत होती. आणि नावं. एक दिवस गिरणीत येऊन त्यांनी जाहीर केलं, "वैनी, सात मोड आहेत. आयोनियन, डोरियन, फ्रिजियन, लिडियन, मिक्सोलिडियन..."

"कसलं औषध आहे?"

"औषध नाय हो. सूर तेच सात, पण घर बदलायचं."

मला कळलं नाही हे तोंडावर दिसलं असावं. त्यांनी पिठाच्या फळीवर बोटाने रेघ ओढली. "ही बघा, शहापूर-मुरबाड गाडी. स्टॉप तेच, अंतर तेच. आता तुमचं घर शहापूरला, तर किन्हवली म्हंजे तुमाला गाव. पण माझं घर किन्हवलीला असलं तर शहापूर म्हंजे मला बाजार. रस्ता तोच ना? पण मला वेगळा लागतो, तुमाला वेगळा. तसंच हे. सात सूर तेच, पण थांबायचं कुठं ते बदललं का सगळ्या गाण्याचा चेहरा बदलतो."

हे मात्र मला पटलं. माहेर आणि सासर एकाच रस्त्यावर असलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

काही आठवड्यांनी ते लहान चार्जिंगचा स्पीकर आणि गिटार घेऊन आले. लाइट गेलेली, गिरणी बंद, मी रिकामी. त्यांनी सातही मोड वाजवून दाखवले. बोटं वीज लागल्यासारखी पळत होती. घाम पुसून माझ्याकडे बघितलं. "कसं?"

मी खोटं बोलत नाही, त्यातून दळणाच्या धंद्यात तर नाहीच. "भावोजी, सातही वेळा तुम्ही एकाच घरात शिरलात. दार तेवढं वेगळं होतं."

त्यांचं तोंड उतरलं. "म्हंजे?"

"म्हणजे सातही वेळा तेच ऐकू आलं. सुरुवात वेगळी, मुक्काम तोच."

 ते माझ्याकडे पाठ करून पायरीवर बसले आणि रुसलेल्या पोरासारखे त्यातली एकच ओळ हळूहळू छेडत राहिले. तेवढ्यात लाइट आली. मी स्टार्टर दाबला, दळण घेऊन थांबलेल्या ताराकाकींची नाचणी टाकली. गिरणीचा घुंऽऽ असा एकसुरी आवाज भरला.

भावोजी ताडकन उठले. "वैनी, बंद नका करू!"

"दळण टाकलंय. बंद कशी करीन?"

"ऐका, ऐका!" त्यांनी गिटारीचे कान पिळले, तारा मोटारीच्या आवाजाला जुळवल्या, आणि तीच ओळ पुन्हा वाजवली. आणि खरंच, ती वेगळी होती. मघाशी नुसते सूर होते. आता त्यांना खाली जमीन होती. मोटार एका सुरावर पाय रोवून उभी होती आणि गिटार तिच्याभोवती फिरत होती. त्यांनी दुसरा मोड घेतला, हवा बदलली. तिसरा घेतला, ताराकाकी म्हणाल्या, "दत्ता, ह्ये नको रे वाजवू. पोटात कालवतंय."

"तो फ्रिजियन हाय, काकी."

"कोणी का असंना. त्याला भायेर काढ."

चूक काय होती ते त्यांना तिथे कळलं. खाली काही धरून ठेवणारं नसलं की कान आपल्या सवयीच्या घरीच परत जातो. नुसती बोटं हलवून घर बदलत नाही. ते घर कोणीतरी सतत सांगत राहावं लागतं. आमच्या मोटारीइतकं सतत कोण सांगणार?

तेव्हापासून ते रोज गिरणीत. दळणासाठी मी लोकांना बसवते, तसं त्यांचं वाजवणं ऐकायलाही बसवलं. प्रत्येक मोडला त्यांनी ओळख देऊन टाकली होती. मिक्सोलिडियन म्हणजे दोन घोट घेतलेला मामा. दारापर्यंत येतो, कडीला हात लावतो आणि परत गप्पा मारायला वळतो. लिडियन म्हणजे नवी नवरी, पाय जमिनीला लागत नाहीत. लोक्रियन त्यांनी दोनदाच वाजवला. "याचा पायाच खचलाय, वैनी. इथं कोण राहणार?" मला आवडायचा डोरियन. त्याचं वर्णन त्यांनी असं केलं होतं: रडून झाल्यावर तोंड धुऊन कामाला लागलेली बाई. ते ऐकून मी म्हटलं, हिला रोज वाजवा, माझी हरकत नाही.

वेड गिरणीपुरतं राहिलं नाही. कुकरची शिट्टी वाजली की विचारायचे, "याचं घर कुठं?" एसटीचा हॉर्न, मिक्सर, मच्छर, सगळ्यांची चौकशी. शेतकरी जळलेला पंप घेऊन आला की ते आधी दुरुस्त झालेला एखादा चालू करून ऐकत बसायचे आणि शेतकरी बिचारा पाणी कधी मिळेल म्हणून उभा. एका डोळखांबच्या आजोबांनी मला येऊन विचारलं, "बाय, ह्यो मिस्त्री मोटार बरी करतो का तिची पत्रिका बघतो?"

मग सरळगावच्या गोडाऊनमध्ये पार्टीची प्रॅक्टिस झाली. भावोजी सकाळी छाती पुढे काढून स्कूटरवरून गेले, दुपारी खांदे पाडून परत आले.

झालं असं, की गिरणीचा सूर हा कीबोर्डच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे पडतो. आणि भावोजींनी सहाही तारा गिरणीला लावलेल्या. नीलेशने कीबोर्ड धरला, ह्यांनी डोळे मिटून सुरुवात केली, आणि पंढरीने कानावर हात ठेवले.

"काका," नीलेश म्हणाला, "गिटार काय गिरणीला लावून आलाव काय?"

भावोजी खोटं बोलत नाहीत. "हां," म्हणाले.

ढोलकीवाला म्हणे जमिनीवर आडवा झाला हसून. पंढरीने शेवटचं सांगितलं: सीझनची शेवटची हळद सिद्धगडाखाली, तिथं बघू, नाहीतर बस.

ती हळद माझ्या नणंदेच्या मुलाची होती. त्यामुळे हे प्रकरण आता माझ्याही घरचं झालं.

"तो सूर दाखवणारा ट्यूनर आहे ना तुमच्याकडे?" मी विचारलं.

"आहे. पण गिरणी खोटी का तो खोटा?"

"दोघं खरे. पण गिरणी काही कोणाच्या हळदीला येणार नाही, भावोजी. जिथं जाल तिथला सूर धरायला शिका. मिक्सर असो, पंप असो, कोणी रडत असो. मिनिट न लावता धरता आला पाहिजे."

मी काही फार मोठं बोलल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले. मी फक्त माझी गिरणी मोकळी करून घेत होते. पण त्यांनी ते मनावर घेतलं. मग पलीकडची मसाल्याची चक्की, रसवंतीचं मशीन, दुकानात चाचणीला लावलेले पंप, जे वाजेल त्याला गिटार लावायची आणि त्याच्याभोवती फिरायचं. रसवंतीवाल्याने त्यांना फुकट रस दिला, फक्त तिथून उठा म्हणून.

हळदीच्या दिवशी दिवेलागणीला मांडव भरला होता. आधी धवला असतो. धवलारीण म्हणजे लग्नाच्या प्रत्येक विधीचं गाणं म्हणणारी म्हातारी. तिच्यापुढे भटजीचंही चालत नाही. तिला वाद्य लागत नाही. ती आपल्या गळ्याने, आपल्या सुरात म्हणते, तेवढा वेळ पार्टी गप्प. पोरं मात्र मागे चुळबुळत असतात, कधी एकदा ही थांबते आणि नाच सुरू होतो म्हणून. आणि ती थांबली रे थांबली की पार्टी धाडकन भलत्याच पट्टीत सुरू होते. म्हातारीचं गाणं जणू कोणी गायलंच नव्हतं.

त्या दिवशी ठकूआजी धवला म्हणत होत्या. दात नाहीत, आवाज मात्र ताठ. मी हळदीची ताटं लावत होते, म्हणून मला पार्टी स्पष्ट दिसत होती. नीलेश मोबाइल बघत होता. भावोजींनी गिटारीचा आवाज पूर्ण बंद केला होता, कान तिच्या लाकडाला टेकवला होता आणि खुंट्या कणाकणाने पिळत होते. एक तार, दुसरी तार, तिसरी. मला कळलं. ते ठकूआजींना लावत होते.

आजींनी शेवटची ओळ लांबवली आणि थांबल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. नीलेशचे हात कीबोर्डवर आले. भावोजींनी आपला तळहात त्याच्या बोटांवर ठेवला.

"थांब."

"काका, पट्टी कुठली?"

"तुझ्याकडं नाय ती."

आणि त्यांनी सगळ्यात जाड तार छेडली. ती आजींचा सूर धरून घुमत राहिली. मग वरून एक एक सूर, सावकाश. जिथे आजी थांबल्या होत्या, तिथूनच पुढे. मांडवात कुजबुज थांबली. ते गाणं आजींचं नव्हतं, पण आजींच्याच अंगणात चाललं होतं. बोटं सरसर वर गेली नाहीत, मान झटकली नाही. मला मोडचं नाव त्या क्षणी आठवलं नाही, पण बाई ओळखीची होती. तोंड धुऊन कामाला लागलेली.

आजी उठून जायला निघाल्या होत्या. त्या वळल्या. खाली बसल्या. पदर सावरला आणि त्याच सुरात पुढचा धवला सुरू केला. त्यांनी एक ओळ म्हणायची, गिटारीने उत्तर द्यायचं. दुसरी ओळ जरा खट्याळ घेतली, उत्तरही खट्याळ आलं, बाया हसल्या. ढोलकीवाल्याला राहवेना, त्याने बोटांनी नुसता ठेका धरला. मग थापेने. मग आजी थांबल्या आणि हाताने खूण केली, जा आता तू. आणि भावोजी गेले. घर सोडलं नाही, पण गावभर फिरून आले. मामा दारापर्यंत येऊन वळला, नवरी हवेत चालली, फ्रिजियनसुद्धा क्षणभर डोकावला आणि ह्या वेळी कोणाच्या पोटात कालवलं नाही. पोरं नाचत होती, बाया नाचत होत्या, नवरदेव पाट सोडून उठला म्हणून माझ्या नणंदेने त्याला ओढून बसवला आणि मग स्वतःच नाचायला गेली. कॅटरर डाव हातात घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभा होता. जेवायला कोणी उठलं नव्हतं. भात निवत होता.

 संपलं तेव्हा जो आवाज उठला त्याने मांडवाचं कापड हललं असेल.

पंढरी पुढे आला. हात जोडायचे होते की मिठी मारायची होती ते त्याचं ठरेना. शेवटी म्हणाला, "दत्ताभाऊ, वायरी नीलेश बघंल."

"बघतो ना," नीलेश म्हणाला. "पण काका, ती पट्टी मला शिकवाल काय?"

भावोजी मान हलवून हसले. एवढा विजय झाला तरी त्यांना हातांचं काय करावं कळत नव्हतं. गर्दी त्यांना सोडून एकमेकांना हळद फासायला लागली होती. हळदीला असंच असतं, नवऱ्याची उष्टी हळद सगळे सगळ्यांना लावतात. पार्टीवाल्यांना कोणी लावत नाही. ते कामाला आलेले असतात.

ठकूआजी हळदीचं ताट धरून, माणसांना बाजूला सारत त्यांच्यापर्यंत गेल्या. खाली-वर बघितलं. "कोनाचा रे तू?"

"शहापूरचा, आजी. मोटारी भरतो."

"हळद कदी लागली तुजी?"

भावोजींनी गिटारीकडे बघितलं. "लय हळदी वाजवल्या, आजी."

"वाजवल्या नाय इचारलं मी. लागली कदी?"

"नाय लागली."

आजींनी ताटात हात बुडवला. भावोजी मागे सरकले नाहीत. आजींनी दोन्ही गालांवर हळद ओढली, कपाळावर ओढली, अगदी नवऱ्याला लावतात तशी, खालून वर. मग मांडवाकडे वळून ओरडल्या, "याची वैनी कोन हाय गो? पुढं ये. वैनीनं लावायची असते."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. हात पिठाचे असतात माझे नेहमी, त्या दिवशी हळदीचे होते. गेले आणि त्यांच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत हळद लावली. तार धरून धरून बोटांना पडलेले घट्टे माझ्या हाताला लागले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी बघितलं नाही असं केलं आणि म्हटलं, "सरळ उभे राहा. सांडतेय."

मागून पंढरीने माइकवर हाक मारली, "दत्ताभाऊ, पुढचं गाणं! पब्लिक उभी हाय!"

भावोजींनी डोळे न उघडता एक हात वर केला.

"थांब रे," ते म्हणाले. "माझी हळद चाललीय."